तलावांच्या मुलखात गळ टाकण्यापूर्वी

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांचा नकाशा उघडून पाहणाऱ्याच्या दृष्टीस प्रथम काय पडत असेल, तर ती निळ्या ठिपक्यांची दाटी. घाटावरच्या माणसास तलाव म्हटला की गावाबाहेरच्या देवळाशेजारचे एखादे पाणी आठवते. इकडे मात्र गाव तेथे तलाव, पुष्कळ ठिकाणी एका गावास दोन-तीन तलाव, आणि शिवाय शेताशेतांतून लहान बोड्या. केवळ जुन्या मालगुजारी तलावांचीच गणना सहा-सात हजारांच्या घरात जाते. त्यात नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा, घोडाझरी, असोलामेंढा, इटियाडोह अशी लहानमोठी नामांकित जलाशये मिळविली, म्हणजे ज्यास गळ टाकून स्वस्थ बसण्याची हौस आहे त्याला हा मुलूख पर्वणीचा वाटावा यात नवल नाही.

परंतु पाणी पुष्कळ आहे एवढ्यावरून सहल साधतेच असे नव्हे. नागपुराहून पहाटे मोटार काढावी, वाटेत दिसेल त्या तलावाच्या पाळीवर उतरावे, दुपारपर्यंत बसावे आणि एखाद्या बोटभर माशासह, किंवा त्याच्याहीशिवाय, उन्हाने काळवंडून परत यावे, हा अनुभव अनेकांच्या पदरी असतो. काहींच्या पदरी याहून वाईट अनुभव येतो. तासाभरात चार माणसे पाळीवर येऊन उभी राहतात व विचारतात, "कोणाला विचारून बसलात?" या प्रश्नाचे उत्तर जवळ नसेल तर सहल तेथेच आटोपते. हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे, आणि तो का विचारला जातो हे समजून घेतल्यावाचून या भागातील मासेमारीची आखणी सुरूच करता येत नाही.

येथील बहुतेक तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. ते माणसांनी बांधले आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ तलावांचे श्रेय कोहळी समाजाकडे जाते. चांद्याच्या गोंड राजांनी, जो तलाव बांधील त्याला त्या तलावाने भिजणारी जमीन द्यावयाची, असा क्रम घातला होता असे सांगतात; चंद्रपूर शहरातील 'तुकुम' हे वस्तीचे नाव त्याच पद्धतीच्या देणगीची आठवण आहे. नवेगावचा विस्तीर्ण बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने घातला, अशी परंपरा आहे. टेकड्यांमधील उतार हेरून त्यावर मातीची पाळ घालावयाची, पाणी सोडण्यास पाळीत 'तुडुम' ठेवावयाचे, अधिक झालेले पाणी 'सलंगा'वरून खालच्या तलावात जाऊ द्यावयाचे, आणि त्या खालच्याचे त्याच्याही खालच्यात, अशी ही साखळीची रचना आहे. हेतू एकच होता: धानास हस्त-चित्रा नक्षत्रांच्या सुमारास पावसाने दगा दिला तर हुकमी पाणी मिळावे. मासे हे त्या पाण्याचे दुसरे पीक होय.

पुढे ब्रिटिश अमदानीत गावे मालगुजारांच्या हाती गेली आणि तलाव त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली व १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. लहान तलाव आज जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे असतात. पाण्यावर शेतकऱ्यांचे निस्ताराचे हक्क, आणि मासे धरण्याचा हक्क बहुधा ठेका भरून घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे. या संस्थांचे सभासद मुख्यतः ढीवर समाजाचे. बोटुकली विकत आणणे, ती पाण्यात सोडणे, चोरीपासून राखणे आणि ठेक्याची रक्कम भरणे हे सारे तेच करतात. तेव्हा पाळीवर येऊन उभा राहणारा मनुष्य पाहुण्याला अडवीत नसतो. तो आपले शेत राखीत असतो. कोणाच्या उभ्या धानात शिरून लोंब्या तोडण्याची कल्पनाही न करणारे सुशिक्षित गृहस्थ तलावाला मात्र 'सर्वांचे पाणी' समजून बसतात, हा मोठा चमत्कारिक प्रकार आहे.

म्हणून आखणीची पहिली पायरी गळ, दोरी वा आमिष ही नसून परवानगी ही होय. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी केल्यास कोणता तलाव कोणत्या संस्थेकडे आहे हे कळते. त्यानंतर संस्थेच्या अध्यक्षांना अगोदर भेटावे किंवा निरोप पाठवावा, किती माणसे येणार, किती गळ टाकणार, मासा ठेवणार की सोडणार, हे स्पष्ट बोलावे, आणि संस्था जे शुल्क सांगेल ते भरून पावती घ्यावी. ठेवलेला मासा वजन करून बाजारभावाने विकत घेण्याची तयारी दाखविली, म्हणजे बोलणे सहसा अडत नाही. उलट एखादा वयस्कर सभासद सोबतीस मिळतो, आणि त्या एका माणसाच्या सोबतीचे मोल शहरातून आणलेल्या सगळ्या सरंजामापेक्षा अधिक असते.

दुसरी गोष्ट हद्दीची. नवेगाव हे १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे व २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. संरक्षित वनाच्या हद्दीतील पाण्यात गळ टाकण्याचा विचारही करू नये. नवेगावचा तलाव पहावा, डोंगरांच्या कोंदणातील त्याचे पाणी सकाळच्या उन्हात डोळे भरून पहावे. गळ मात्र हद्दीबाहेरच्या, संस्थेच्या पाण्यावर काढावा. बोदलकसा व चोरखमारा हे तिरोडा तालुक्यातील तलावही नागझिऱ्याच्या जंगलालगतचे असल्यामुळे तेथे वनखात्याकडे आधी विचारणा केलेली बरी.

आता काळाविषयी. पावसाळा हा माशांच्या प्रजोत्पत्तीचा काळ. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसाने सलंगावरून पाणी वाहू लागले की मासे त्या प्रवाहाला उलटे चढून धानाच्या बांधीत शिरतात. कोकणात ज्यांना वलगणीचे मासे म्हणतात त्यांचाच हा प्रकार. त्या दिवसांत मासा मिळणे सोपे असते, आणि म्हणूनच तो धरू नये. अंडी पोटात असलेली एक मादी म्हणजे पुढील वर्षाचे अर्धे पीक. प्रजोत्पत्तीच्या या काळात जलाशयांवर मासेमारी बंद ठेवण्याचा नियमही आहे. आश्विनात धानाला पाणी सोडले जाते, त्यामुळे तलावाची पातळी रोज बदलते व मासा एका ठिकाणी ठरत नाही. धानाची कापणी आटोपल्यावर, म्हणजे दिवाळी उलटल्यानंतर, पाणी निवळते व स्थिरावते. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे दिवस शहरी कुटुंबास सर्वांत सोयीचे होत. हवा गार, रस्ते कोरडे, आणि तलावांवर उत्तरेकडून आलेल्या बदकांचे थवे. थंडी कडक पडली तर मासा सुस्तावतो हे खरे. अशा दिवसांत पहाटेच्या धुक्यात कुडकुडत बसण्यापेक्षा दहा वाजल्यानंतर, पाण्याला ऊन लागल्यावर बसणे अधिक शहाणपणाचे. चैत्र-वैशाखात पाणी आटून मासे एकवटतात व मरळ फार जोमाने आमिष घेते, परंतु विदर्भातला तो उन्हाळा मुलाबाळांसह पाळीवर काढणे ही सहल नव्हे, शिक्षा आहे.

प्रवास अवघड नाही. नागपुराहून भंडाऱ्यावरून साकोलीस जाणारा रायपूरचा हमरस्ता आहे. साकोलीच्या पुढे कोहमाऱ्याहून एक फाटा नवेगावबांधकडे व दुसरा गोंदियाकडे जातो. रेल्वेने जाणाऱ्यास गोंदियाहून नागभीड-बल्लारशाकडे जाणारी गाडी आहे. ती अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी अशी अगदी तलावांच्या गर्दीतून जाते, आणि खिडकीशी बसलेल्या मुलांस तलाव मोजण्याचा खेळ पुरवते. मुक्काम साकोली, नवेगाव किंवा अर्जुनी येथे करावा व तेथून जवळचा एकच तलाव निवडावा. दोन दिवसांत पाच तलाव गाठण्याचा हव्यास धरणाऱ्याच्या हाती पाच पाळींची धूळ तेवढी लागते. तीन दिवस असतील तर पहिला दिवस गळाशिवाय घालवावा. पाळीवरून एक फेरी, संस्थेच्या लोकांशी बोलणे आणि सायंकाळी पाण्याकडे पाहत बसणे, एवढाच त्या दिवसाचा कार्यक्रम.

पाण्याकडे पाहत बसणे हा वेळेचा अपव्यय वाटेल, पण तलाव वाचता आला पाहिजे. हे तलाव उतारावर बांधलेले असल्यामुळे त्यांची खोली सारखी नसते. पाळीलगत, विशेषतः तुडुमाजवळ पाणी सर्वांत खोल. समोरच्या बाजूस, जिकडून ओढे येतात तिकडे ते उथळ होत होत चिखलात व लव्हाळ्यात मिसळते. मूळच्या नाल्याचे पात्र तलावाच्या तळाशी खोल चराच्या रूपाने राहिलेले असते, आणि थंडीत व भर दुपारी मोठा मासा त्या चरात उतरतो. ते पात्र कोठून जाते हे वरून दिसत नाही. म्हाताऱ्या ढीवराला मात्र ते हातावरच्या रेषेसारखे ठाऊक असते, कारण उन्हाळ्यात तो त्यातून चालत गेलेला असतो. वाऱ्याकडेही लक्ष द्यावे. सतत एका दिशेने वाहणारा वारा वरचे कोमट पाणी व त्यावर तरंगणारे खाद्य समोरच्या काठास नेऊन लावतो, आणि त्याच्यामागे मासाही जातो. म्हणून तोंडावर वारा घेऊन बसण्याची जागा गैरसोयीची खरी, पण लाभाची.

वनस्पतींनी भरलेल्या तलावात आणखी एक मौज असते. दिवसा पाण्यातील झाडे प्राणवायू सोडतात, रात्री ती स्वतःच तो घेतात. त्यामुळे पहाटेच्या सुमारास पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. गवताच्या दाटीत अशा वेळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसतात. नवख्याला वाटते की मासा भुकेला आहे, आणि तो उत्साहाने गळ फेकतो. मासा मात्र त्या वेळी खाण्याच्या नव्हे, श्वासाच्या विवंचनेत असतो. सूर्य वर येऊन तास-दीड तास झाला की परिस्थिती पालटते. तलावात 'देवधान' नावाचे रानटी भात, कमळे, शिंगाडा आणि पाण्याखालच्या नाना वनस्पती असतील, तर तो तलाव निरोगी समजावा. याउलट काठाने फिकट जांभळ्या फुलांच्या 'बेशरम' झुडपांचा वेढा पडला असेल, तर देशी वनस्पती व त्यांच्या आश्रयाने वाढणारे देशी मासे तेथे ओसरले असण्याचा संभव फार. भंडारा-गोंदिया भागातील काही ढीवर संस्थांनी, व त्यांत बायकांनी विशेष पुढाकार घेऊन, हे बेशरम उपटून काढले आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्या तलावांतून जुने मासे परत दिसू लागले. सहलीस गेलेल्याने हे काम अवश्य पहावे. बेशरमाचे एक झुडूप मुळासकट उपटून पाहिले, तर त्यामागे केवढे श्रम असतात हे पाच मिनिटांत कळते.

मासे कोणते मिळतील? बहुतेक तलावांतून रोहू, कटला व मृगळ ही त्रयी असते. या माशांची एक खोड अशी की, ते स्थिर तलावात वाढतात पण तेथे सहसा वीत नाहीत; त्यांना पुराच्या वाहत्या नदीचे पाणी लागते. पूर्वी म्हणून नद्यांतून बीज गोळा करून आणावे लागे, व त्यात नको असलेल्या माशांची पिलेही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी मस्तिष्कग्रंथीचा अर्क टोचून या जातींच्या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालावयास लावले, आणि तेव्हापासून हुकमी बीज मिळू लागले. तलावातून निघणाऱ्या कटल्यामागे हा इतिहास आहे. १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात तो याचसाठी. त्यांच्या तोंडाच्या घडणीवरून गळ कोठे ठेवावा हे कळते. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळाचे तोंड खाली वळलेले, तो तळाशी चरतो. तरंगत्या बोंडाखाली दोरी किती लांब सोडावयाची याचे गणित या एका निरीक्षणावर बसते. आमिष साधेच असते: कणीक, भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा मळून केलेला गोळा. तो इतका घट्ट असावा की फेकताना सुटू नये, आणि इतका मऊ असावा की माशाच्या तोंडात विरघळावा. ज्या जागी बसावयाचे तेथे आदल्या सायंकाळी मूठभर तेच खाद्य टाकून ठेवण्याची युक्ती फार जुनी आहे.

किती जुनी, याचा पुरावा आपल्याच भागातील ग्रंथात सापडतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, राजाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना कोणते खाद्य घालून पोसावे, गळ व दोरी कशी असावी, हे त्यात सविस्तर सांगितले आहे. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने हिंदुस्थानातील तलावांतील गळमासेमारीवर १८८७ मध्ये एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. तात्पर्य, तलावाच्या काठी बसून मासा धरणे हा परदेशातून आलेला छंद आहे अशी जी समजूत शहरांतून आढळते, तिला आधार नाही.

मरळ हा मासा मात्र वेगळ्या वर्गातला. लांबट, सापासारख्या डोक्याचा, शिकारी, आणि पाण्याबाहेरची हवा घेणारा. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूस हवा साठविणारी पोकळी असते. त्यामुळे चिखलाने भरलेल्या, प्राणवायू संपलेल्या पाण्यातही तो तगतो, आणि बाजारात ओल्या गोणपाटाखाली तासन्तास जिवंत राहतो. ठराविक वेळाने त्याला पृष्ठभागावर यावेच लागते, आणि तेथेच त्याचा ठावठिकाणा फुटतो. कमळाच्या पानांच्या कडेला पाणी हलकेच फुगून फुटले की तेथे मरळ आहे असे समजावे. त्याला पीठ नको. हलणारे भक्ष्य हवे. पूर्वी जिवंत बेडूक गळाला लावीत. आता रबरी बेडूक मिळतात व ते पुरेसे होतात. धानाच्या बांधीतील किडे खाणारा खरा बेडूक शेतातच असलेला बरा.

या माशाविषयी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मरळ गवतात जागा साफ करून घरटे करते. अंडी पाण्यावर तरंगतात, आणि पिले निघाल्यावर जनक त्यांची राखण करतात. ही पिले तांबूस रंगाची असून त्यांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ गोळ्याने फिरतो. शेकडो इवली तोंडे एकदम वर येऊन हवा घेतात, तेव्हा त्या जागी पावसाचे थेंब पडल्यासारखे पाणी थरथरते. थव्याखाली मोठी मरळ असते. त्या थव्यावर गळ फेकला तर ती तत्काळ, आणि विलक्षण जोराने, झडप घालते. गळ टाकणाऱ्यास वाटते, केवढी भूक! वास्तविक ती भूक नसते. पिलांवर चालून आलेल्या वस्तूला हाकून देण्याची ती धडपड असते. अशी मरळ काढून घेतली की थोड्याच वेळात इतर मासे तो थवा फस्त करतात. संस्थेच्या दृष्टीने हे नुकसान एका माशाचे नसून शेकडोंचे असते, आणि मरळेचा भाव रोहू-कटल्यापेक्षा पुष्कळ अधिक असल्यामुळे ते जिव्हारी लागते. पिलांचा हंगाम मुख्यतः पावसाळ्याचा. तरी थवा केव्हाही दिसला तरी गळ गुंडाळून दुसरीकडे बसावे. काही तलावांवर संस्थेने याविषयी नियम केलेला असतो, काहींवर नसतो. जेथे नसतो तेथे पाहुण्याच्या वर्तनाकडे लोकांचे लक्ष अधिक असते.

शिंगी, मांगूर, शिंगाडा हे मिशीवाले मासे सायंकाळनंतर गांडुळाच्या आमिषाला लागतात. त्यांत शिंगी दिसायला किरकोळ, पण तिच्या कल्ल्यांमागील दोन्ही काटे विषारी असतात व त्यांची टोचणी असह्य ठणकते. मुलांच्या हाती हा मासा मुळीच देऊ नये. काटा लागलाच तर जखम धुऊन हात सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावा. उष्णतेने ते विष निष्प्रभ होते. ठणका न थांबल्यास, किंवा काटा आत मोडला असल्यास, दवाखाना गाठावा. बाजारात मांगूर म्हणून मिळणारा आफ्रिकी मागूर हा निराळा, खादाड परदेशी मासा असून त्याच्या पैदाशीस २००० पासून देशात बंदी आहे. तो गळाला लागला तर परत पाण्यात सोडू नये, संस्थेच्या माणसाला दाखवावा.

सरंजामाविषयी फार बोलण्याचे कारण नाही. बांबूची काठी चालते. कार्बनच्या धाग्याची हलकी काठी व गरगर फिरणारे रीळ असेल तर लांब फेकता येते, इतकेच. दोरी नायलॉनची, पण तुटलेला तुकडा पाण्यात किंवा पाळीवर टाकून येऊ नये. बदकांच्या व पाणकोंबड्यांच्या पायांत ती अडकते व कापीत जाते. गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाकला तर सोडावयाचा मासा इजा न होता सुटतो. मासा सोडावयाचा असेल तर हात ओले करूनच त्याला धरावे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील चिकट थर निघतो व जखमेत बुरशी शिरते. पाळीवर धपधप चालू नये. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंस डोक्यापासून शेपटीपर्यंत जी रेषा दिसते ती पाण्यातील सूक्ष्म हादरे टिपणारे इंद्रिय आहे; पाळीवरचे पाऊल तेथपर्यंत पोचते. बोलणे त्या मानाने कमी घातक. मुलांना 'गप्प बसा' म्हणून दटावणाऱ्या वडीलमंडळींनी स्वतःचे जड बूट आधी काढावेत.

कुटुंबासह निघताना पाण्याचे भय विसरू नये. ढिवरांचा डोंगा दिसायला मौजेचा, पण तो ज्याला साधतो त्यालाच साधतो; किंचित तोल गेला तरी उलटतो. शहरी पाहुण्यांनी त्यात बसण्याचा हट्ट धरू नये, आणि बसावयाचेच झाले तर तरंगणारे जाकीट अंगात असल्यावाचून बसू नये. पाळीच्या आतल्या बाजूस दगडांवर शेवाळ असते. तेथे पोरांना एकटे सोडू नये. दगडांच्या फटीत दिवड दिसते, ती बिनविषारी; पण गवतात घोणसही असते, म्हणून काठीने चाळवून मगच बसकण मांडावी. पाण्याच्या बाटल्या, डोक्यास टोपी व दुपारच्या सावलीसाठी एक जुनी चादर एवढे पुरते. ज्यांना गळात रस नाही त्यांच्यासाठी दुर्बीण घ्यावी. राज्यात फार थोड्या ठिकाणी उरलेला सारस क्रौंच गोंदिया भागातील धानबांध्यांत जोडीने चरताना दिसतो. माणसाएवढा उंच, लाल मानेचा हा पक्षी दिसला म्हणजे गळाकडे कोणाचे लक्षच राहत नाही. मात्र धानात त्याचे घरटे असू शकते, तेव्हा जवळ जाण्याची घाई नको.

निघण्याच्या दिवशी ठेवलेले मासे संस्थेच्या काट्यावर तोलून पैसे चुकते करावेत. मासा घरी न्यावयाचा असेल तर काठावरच पोट साफ करवून घ्यावा. ते काम तेथील बायका ज्या सफाईने करतात ती पाहण्यासारखी असते, आणि त्याचे पैसे न मागताही द्यावेत. पोटातील घाण पाण्यात न टाकता मातीत पुरावी. माशाच्या पोटात व भोवती बर्फाचा चुरा भरून डबा बंद केला की साकोलीहून नागपूरपर्यंतच्या प्रवासात तो खराब होत नाही. बर्फ मात्र गावात मिळेलच या भरवशावर राहू नये, येतानाच घेऊन यावा. याच भागातला चिन्नोर तांदूळ वाटेत भंडाऱ्यास मिळतो. मरळेचा रस्सा व त्या तांदळाचा भात असा बेत असेल तर तो घरी पोचल्यावर त्याच रात्री करावा, कारण दुसऱ्या दिवशी माशाची ती चव राहत नाही.